आधी ओठ, मग शब्द : चित्र आणि आवाजाच्या मेळाचा आढावा

बातम्यांच्या वाहिनीवर वार्ताहर बोलू लागतो आणि त्याचे तोंड उघडण्याआधीच शब्द कानावर येतात. कीर्तनाच्या थेट प्रक्षेपणात टाळ आधी वाजतो आणि हात मागाहून जुळतात. असे सगळ्यांनी पाहिलेले असते आणि ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल’ म्हणून सोडूनही दिलेले असते. नेटवर्कवर हा आळ बहुतेक वेळा विनाकारण येतो. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वाटांनी नेले जातात आणि दोन्ही वाटांवरचा उशीर सारखा राहत नाही, हे या दुखण्याचे मूळ आहे. गेल्या शंभर वर्षांत तंत्र कितीदा तरी बदलले, पण मूळ बदललेले नाही.

नुसत्या उशिराने काही बिघडत नाही, हे आधी पक्के करायला हवे. उपग्रहाद्वारे येणारे प्रक्षेपण सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन तितकेच खाली येते. त्यात जवळपास पाव सेकंद जातो. पण चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात असल्यामुळे दोघांना उशीर सारखाच होतो आणि मेळ अबाधित राहतो. निवेदकाने प्रश्न विचारल्यावर वार्ताहर क्षणभर नुसता मान हलवत उभा राहतो, तो याच प्रवासाच्या वेळेचा परिणाम. त्याचा लिप-सिंकशी संबंध नाही. मात्र त्याच वार्ताहराचे चित्र मोबाइल नेटवर्कवरच्या बॅकपॅक युनिटमधून आणि आवाज साध्या फोन लाइनवरून घेतला, की दोन वाटा झाल्या आणि मेळ गेला. पाहायचा असतो तो दोन उशिरांमधला फरक.

डोळे आणि कान किती चालवून घेतात

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. प्रकाशाला नाट्यगृह ओलांडायला लागणारा वेळ मोजण्याइतकाही नसतो. माइक नसलेल्या रंगमंचापासून ३० मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला नटाचा शब्द ओठांच्या हालचालीनंतर सुमारे ८७ मिलिसेकंदांनी ऐकू येतो. आपल्या दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. त्या हिशेबाने मागच्या रांगेतला प्रेक्षक अख्खे नाटक दोन फ्रेमहून जास्त फरकाने पाहतो आणि त्याला काहीही खटकत नाही. दुरून येणारा आवाज मागाहून येतो, ही सवय मेंदूला जन्मापासून असते. उलट प्रकार, म्हणजे आधी आवाज आणि मग हालचाल, निसर्गात घडतच नाही. म्हणून तो चटकन बोचतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या १९९८ च्या शिफारशीत हा असमतोल आकड्यांत दिसतो. आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतो, पण मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत ध्यानात येत नाही. चालवून घेण्याची मर्यादा आवाज पुढे असताना ९० आणि मागे असताना १८५ मिलिसेकंद. प्रसारकांनी स्वतःसाठी याहून कडक नियम केले. युरोपीय प्रसारण संघाने २००७ च्या आर३७ शिफारशीत, ट्रान्समीटरकडे जाणारा आवाज ४० मिलिसेकंदांहून पुढे आणि ६० हून मागे नसावा, असे म्हटले. अमेरिकेतल्या एटीएससी या मानक-संस्थेने २००३ मध्ये एन्कोडरच्या, म्हणजे कॉम्प्रेशन करणाऱ्या यंत्राच्या, तोंडाशी १५ पुढे आणि ४५ मागे एवढीच सूट दिली. कडकपणाचे कारण साधे आहे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर, आणि शेवटी प्रेक्षकाच्या घरातही, थोडी चूक भरणारच असते. सगळी सूट पहिल्यानेच वापरली तर शेवटच्याला काही उरत नाही.

पण प्रेक्षकाने तक्रार केली नाही म्हणजे नुकसान झाले नाही, असे समजता येत नाही. ऐकणे हे एकट्या कानाचे काम नाही. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की ‘बा’ हा आवाज ‘गा’ म्हणणाऱ्या चेहऱ्यावर बसवला तर बहुतेकांना ‘डा’ ऐकू येते. डोळा जे पाहतो त्यानुसार ऐकू येणारे अक्षरच बदलते. स्टॅनफर्ड विद्यापीठात बायरन रीव्ह्ज आणि डेव्हिड व्होल्कर यांनी १९९३ मध्ये जाणूनबुजून मेळ बिघडवलेली दृश्ये प्रेक्षकांना दाखवली. प्रेक्षकांनी त्या मजकुराचे मूल्यमापनच खाली आणले, आणि दोष नेमका ओळखता आला नाही तेव्हाही त्याचा परिणाम दिसला. वार्ताहराने जिवावर उदार होऊन आणलेली बातमी तीन फ्रेमच्या चुकीमुळे कमी विश्वासाची वाटत असेल, तर ती चूक क्षुल्लक कशी म्हणायची? ज्यांना कमी ऐकू येते ती माणसे तर ओठांकडे पाहूनच बरेचसे बोलणे उमजून घेत असतात. त्यांच्यासाठी मेळ हा समजण्या-न समजण्याचा प्रश्न आहे.

तबकडी आणि फिल्म

बोलपटाच्या सुरुवातीलाच हा पेच उभा राहिला. १९२६ मध्ये आलेल्या व्हिटाफोन पद्धतीत चित्र फिल्मवर आणि आवाज सोळा इंची तबकडीवर असे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेई आणि एका बाजूवर सुमारे अकरा मिनिटांचा, म्हणजे एका रिळाचा, आवाज मावे. प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरला जोडलेली असत. ऑपरेटर फिल्मवरची ‘स्टार्ट’ लिहिलेली फ्रेम बरोबर खिडकीत आणी, तबकडीवर कोरलेल्या बाणाच्या टोकाशी सुई ठेवी आणि मग मोटर सुरू करी. इतके जपूनही धोका टळत नसे. चालू खेळात फिल्म तुटली आणि ऑपरेटरने खराब झालेल्या सहा फ्रेम कापून तुकडे जोडले, की त्या रिळात पुढे सगळीकडे चित्र सहा फ्रेमनी पुढे पळे. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने तो पाव सेकंद झाला. उपाय एकच : जितक्या फ्रेम गेल्या तितक्याच काळ्या फ्रेम मध्ये जोडायच्या. पडद्यावर क्षणभर अंधार झाला तरी चालेल, पण मोजमाप बिघडता कामा नये. हरवलेल्या वेळेची जागा रिकामी का होईना, राखून ठेवायची, हा नियम आजच्या डिजिटल यंत्रांतही तसाच पाळला जातो.

आवाज फिल्मच्याच कडेला प्रकाशरेषेच्या रूपात छापण्याची पद्धत रूढ झाली आणि तबकडी मागे पडली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागलेल्या अर्देशीर इराणींच्या ‘आलम आरा’साठी आवाज कॅमेऱ्यातल्या फिल्मवरच ध्वनिमुद्रित करणारी पद्धत वापरली होती. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी संवाद पडद्यावरच्या ओठांशी जुळू लागले. एका फिल्मवर दोन्ही आले म्हणजे मेळ कायमचा बसला, असे वाटेल. पण चित्राच्या खिडकीपाशी फिल्म थांबत-थांबत सरकते आणि आवाज वाचणाऱ्या ठिकाणी तिला एकसारखे वाहावे लागते. दोन्ही एकाच जागी शक्य नाही. म्हणून ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाज त्याच्या चित्राच्या साधारण २० फ्रेम, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर, पुढे छापलेला असतो. मधला लूप ऑपरेटरने एका फ्रेमने मोठा सोडला की आवाज एका फ्रेमने मागे पडणार.

चित्रीकरणात मात्र आवाज पुन्हा वेगळ्या यंत्रावर गेला, कारण संकलनाला ते सोयीचे होते. त्यातून क्लॅप आला. पाटीच्या दोन फळ्या ज्या फ्रेममध्ये टेकतात ती फ्रेम आणि ध्वनिफितीवरचा ‘टक्’ एकावर एक ठेवले की सुरुवात जुळली. पुढेही जुळलेली राहावी म्हणून कॅमेऱ्याच्या मोटरकडून येणारा ५० किंवा ६० हर्ट्झचा पायलट सिग्नल नाग्रासारख्या टेपरेकॉर्डरवर आवाजाबरोबरच नोंदवत. नंतर दोन्ही यंत्रांत अचूक क्वार्ट्झ घड्याळे आली आणि मधली वायर गेली. आपल्याकडे हिंदी सिनेमा कित्येक दशके खडखडणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे डबिंगवरच चालला. ‘लगान’ने २००१ मध्ये प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळीच आवाज घेतला, तेव्हा ती मोठी बातमी ठरली. डबिंगच्या सैल ओठांची सवय झालेल्या आपल्या प्रेक्षकाने मेळाबद्दल फारसे कधी मागणे केले नाही, याचे एक कारण या इतिहासात असावे.

साठवण आली आणि मेळ गेला

जुन्या अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणीत हा दोष जवळपास नव्हताच. दूरदर्शनच्या प्रक्षेपणात चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झवर आवाजाची लहर असे. एकाच मनोऱ्यावरून दोन्ही निघत, एकाच अँटेनात येत, आणि वाटेत कुठेही काही साठवले जात नसे. जे साठत नाही त्याला उशीर होत नाही.

१९७० च्या दशकात स्टुडिओत डिजिटल फ्रेम सिंक्रोनायझर आला. बाहेरून येणारे चित्र स्टुडिओच्या घड्याळाशी जुळवण्यासाठी तो एक अख्खी फ्रेम स्मृतीत धरून ठेवी. चित्राला ४० मिलिसेकंद उशीर झाला आणि आवाज मात्र जुन्या तारेवरून सरळ पुढे गेला. मग चित्राला चौकटीत लहान-मोठे करणारी इफेक्ट यंत्रे आली. त्यात आणखी एक फ्रेम. परदेशी ३० फ्रेमचे चित्र २५ फ्रेममध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये आणखी दोन. बेरीज १६० मिलिसेकंद, आणि सगळा उशीर चित्राच्या वाट्याला. म्हणजे आवाज १६० मिलिसेकंद पुढे, ९० ची मर्यादा केव्हाच ओलांडून. प्रत्येक यंत्र आपल्यापुरते निर्दोष होते. चूक बेरजेत होती, आणि बेरीज करणे कोणाचेच काम नव्हते. यंत्रांच्या रचनेमुळे चित्रच मागे पडते, म्हणून दूरचित्रवाणीत आवाज पुढे जाण्याचा दोष जास्त, आणि नेमका तोच माणसाला जास्त बोचतो.

वेळेचा शिक्का

डिजिटल प्रक्षेपणाने हे कोडे तत्त्वतः सोडवले. कॉम्प्रेशन करताना चित्राला आवाजापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. शिवाय काही फ्रेम पुढच्या फ्रेम पाहिल्याशिवाय उलगडत नाहीत, त्यामुळे त्या दाखवण्याच्या क्रमाने पाठवल्याही जात नाहीत. म्हणून एमपीईजी-२ च्या रचनेत चित्राच्या आणि आवाजाच्या तुकड्यांवर ‘हे अमुक क्षणी दाखवा’ असा शिक्का मारण्याची सोय केली. त्याला पीटीएस म्हणतात. हे घड्याळ सेकंदाला ९०,००० ठोके देते. ३३ बिटांत मावणारा आकडा साधारण साडेसव्वीस तासांनी संपून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. सेट-टॉप बॉक्सला प्रक्षेपकाचे घड्याळ कळावे म्हणून २७ मेगाहर्ट्झच्या घड्याळाची वेळ निदान दर १०० मिलिसेकंदांनी प्रवाहातून पाठवली जाते. बॉक्स आपले घड्याळ तिच्याशी लावून घेतो आणि शिक्क्यावरची वेळ आली की तुकडा बाहेर सोडतो. वाटेत चित्राला कितीही उशीर होवो, शिक्के बरोबर असतील तर मेळ बसणारच.

पण शिक्का एन्कोडरमध्ये बसतो. त्याआधी स्टुडिओत आवाज १६० मिलिसेकंद पुढे निघून गेलेला असेल तर एन्कोडर त्या चुकीवरच प्रामाणिकपणे शिक्के मारतो, आणि मग ती चूक इमानेइतबारे लाखो घरांत पोहोचते. ‘आमची यंत्रणा डिजिटल आहे, सिंक जाणारच नाही’ असे म्हणणारे हे विसरतात.

ठरावीक फरक आणि वाढता फरक

सिंक जाण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्यात फरक पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो. दुसऱ्यात सुरुवात बरोबर असते आणि फरक हळूहळू वाढत जातो. दोघांची कारणेही वेगळी आणि इलाजही वेगळे.

गावातल्या मंदिरातून कीर्तनाचे थेट प्रक्षेपण चालले आहे असे समजा. बुवांचा माइक मिक्सरमध्ये, आणि मिक्सरची तार थेट एन्कोडरमध्ये. कॅमेऱ्याचे चित्र वायरलेस पेटीतून स्विचरकडे आणि तिथून एन्कोडरकडे. वायरलेस पेटीने दोन फ्रेम खाल्ल्या आणि स्विचरने एक, तर आवाज १२० मिलिसेकंद पुढे गेला. हा ठरावीक फरक. टाळकऱ्यावर कॅमेरा लावा, बाहेर पडणारे प्रक्षेपणच ध्वनिचित्रमुद्रित करा आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक फ्रेम पुढे सरका. टाळ ज्या फ्रेममध्ये टेकतात ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातले टोक यांत जितके अंतर दिसेल तेवढा डिले मिक्सरच्या किंवा एन्कोडरच्या ऑडिओमध्ये टाका. पाच मिनिटांचे काम आहे. मिक्सरची तार न घेता सभामंडपाच्या टोकाला ठेवलेल्या कॅमेऱ्याचाच माइक वापरला, तर मात्र आवाज मागे पडेल. २७ मीटरला सुमारे ८० मिलिसेकंद, म्हणजे दोन फ्रेम.

आता तेच कीर्तन कॅमेऱ्यावर आणि वेगळ्या ऑडिओ रेकॉर्डरवर घेतले. दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असेल, आणि साध्या यंत्रांत तो असू शकतो, तर तासाला ०.१८ सेकंद फरक पडतो. दोन तासांच्या शेवटी ३६० मिलिसेकंद, म्हणजे नऊ फ्रेम. सुरुवातीला टाळी वाजवून जुळवलेले शेवटी सपशेल बिघडलेले दिसते. म्हणून लांब चित्रीकरणात टाळी दोनदा वाजवावी, सुरुवातीला आणि शेवटी. पहिली फरक दाखवते, दुसरी त्याची वाढ. वाढता फरक फाइल सरकवून जात नाही. आवाजाची लांबी किंचित ताणावी किंवा आवळावी लागते.

फ्रेमच्या वेगातला घोळही याच जातीचा. अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीचा वेग ३० नसून २९.९७ आहे. हा हजारात एकाचा फरक विसरला की तासाला ३.६ सेकंद गेले. मोबाइलचे कॅमेरे उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग बदलत राहतात आणि काही सॉफ्टवेअर तो ठरावीक धरून चालतात. मोबाइलवर घेतलेले लग्न संकलनाच्या टेबलावर बिघडते ते बऱ्याचदा यामुळे.

शेवटचा टप्पा : घर

प्रक्षेपकाने सगळे अचूक पाठवले तरी घरात पुन्हा वाटा फुटतात. सपाट पडद्याचा टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी काही फ्रेम धरून ठेवतो. आपल्या स्पीकरचा आवाज तो तेवढाच थांबवतो, पण सेट-टॉप बॉक्समधून आवाज थेट साउंडबारला दिला असेल तर तो पुढे निघून जातो. यावर २००६ मध्ये एचडीएमआय १.३ मध्ये सोय झाली : आपल्याला किती उशीर होतो हे टीव्ही स्वतःच जोडलेल्या उपकरणाला सांगू शकतो. ब्लूटूथचे उलटे आहे. साध्या ब्लूटूथ हेडफोनवर आवाज शंभर ते दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहूनही जास्त, मागे पडतो. त्याला पुढे ढकलता येत नाही. चित्रच तेवढे थांबवावे लागते, आणि फोनमधली बरीच अ‍ॅप तसे करतात. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र थांबायला फुरसत नसते. तिथे नेटवर्क अडखळले की आवाज चालू ठेवून चित्राला मागे राहू देतात. संभाषणात शब्द महत्त्वाचा, म्हणून हा निर्णय योग्यच आहे.

आता पुढे काय

स्टुडिओंत कित्येक वर्षे आवाज चित्राच्याच तारेत गुंफून नेला जात होता. २०१७ मध्ये आलेल्या एसटी २११० या मानकाने आयपी नेटवर्कवर चित्र, आवाज आणि माहिती यांचे प्रवाह पुन्हा वेगळे केले. व्हिटाफोनसारख्याच दोन वाटा, पण मधल्या मोटरच्या जागी आता सगळ्या यंत्रांना एकच अचूक वेळ देणारे पीटीपी घड्याळ आणि तुकड्या-तुकड्यावरचा वेळेचा शिक्का आहे. तपासणीही सुधारली. चित्राचा आणि आवाजाचा ठसा घेऊन दोन ठिकाणच्या मेळाची तुलना करण्याची पद्धत एसटी २०६४ ने २०१५ मध्ये ठरवून दिली. ऑक्सफर्डच्या जून सॉन चुंग आणि अँड्र्यू झिसरमन यांनी २०१६ मध्ये सिंकनेट हे न्यूरल नेटवर्क मांडले. ते नुसते ओठ पाहून आणि आवाज ऐकून दोघांत किती फरक आहे ते सांगते.

साधने आहेत, मानके आहेत, माणसाच्या सहनशक्तीचे आकडेही हाताशी आहेत. उणीव आहे ती बेरजेची जबाबदारी घेणाऱ्या माणसाची. प्रत्येक वाहिनीत आणि प्रत्येक थेट प्रक्षेपण करणाऱ्या चमूत एकाचे तरी काम ठरलेले हवे : बाहेर पडणारे चित्र साध्या टीव्हीवर, साध्या फोनवर पाहायचे, टाळीने मोजायचे आणि फरक दुरुस्त करायचा. अंदाजच करायची वेळ आली तर आवाज एक फ्रेम मागे ठेवावा, पुढे कधीही नको.

प्रेक्षकांनीही हा दोष मुकाट्याने सोसू नये. सिंक गेलेला दिसला की आणखी दोन वाहिन्या लावून पाहा. सगळीकडे तसेच असेल तर आपल्या टीव्हीच्या किंवा साउंडबारच्या सेटिंगमधला ऑडिओ डिले तपासा. एकाच वाहिनीवर असेल तर वाहिनीला कळवा, आणि आवाज पुढे आहे की मागे तेही सांगा. दुरुस्त करणाऱ्याला एवढी माहिती सुरुवातीला पुरते.